ॲट्रॅक्टाचं अर्धं दार

ॲट्रॅक्टा गिलहूलीबद्दल चांगलं लिहायला ड्रमलारात माझ्याइतका नालायक माणूस दुसरा सापडणार नाही. पंधरा वर्षं रोज सकाळी मी तिच्या चुका काढत आलो, तेही जाहीरपणे, सगळ्या गावाच्या आणि बॉस्टन-पर्थला जाऊन बसलेल्या गावकऱ्यांच्या देखत. पण आज मी स्वतःच्या पायांनी चालतो, स्वतःचं अंडं स्वतः उकडून खातो, ते तिच्यामुळे. तेव्हा लिहायचं तर मीच लिहायला हवं. माझं नाव फेलिम मलवी. लीट्रिम काउंटीच्या रस्ते खात्यात अडतीस वर्षं मुकादमी केली, आणि चुकीची माहिती मला आजही सहन होत नाही.

ॲट्रॅक्टा माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तिचे वडील सायकलवरून टपाल वाटायचे आणि आई पोस्टाच्या खिडकीत बसायची. आई गेली आणि तेविसाव्या वर्षी ॲट्रॅक्टा त्या खिडकीत बसली. लग्न केलं नाही. का नाही, असं एकदा बिंगोच्या हॉलमध्ये कोणीतरी तोंड वर करून विचारलं, तर म्हणाली, "गावातल्या सगळ्या पुरुषांचं अक्षर मी पाहिलंय. पाकिटावर पत्ता धड लिहिता येत नाही, ते संसार काय करणार?" मीही तिथेच बसलो होतो. माझं अक्षर चांगलं आहे, असं मी म्हणालो, तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझं अक्षर चांगलं आहे रे, मजकूर वाईट असतो."

पोस्टात माणसं शुक्रवारी पेन्शन घ्यायला यायची. तिचं लक्ष मात्र आलेल्यांपेक्षा न आलेल्यांवर. दुपारी बारापर्यंत एखादी म्हातारी दिसली नाही, की खिडकीवर 'आत्ता येते' अशी पाटी लावून ही बाई कोट चढवायची. वरच्या साहेबांनी तिला दोनदा लेखी समज दिली. तिने ती पत्रं फाइलला लावली आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा पाटी लावली. पुढे एक दिवस वरूनच पत्र आलं की ड्रमलाराचं पोस्ट बंद. आम्ही फलक धरून उभे राहिलो, पाद्रीबाबांनी भाषण केलं, सँडविच खाल्ली, आणि पोस्ट बंद झालं. त्या दिवशी ती मला म्हणाली, "फेलिम, आता कोण आलं नाही हे कोणाला कळणार?" मी म्हणालो, "कळेल कोणालातरी." यापेक्षा बरं काही मला सुचलं नाही.

तिला सुचलं. दर मंगळवारी चर्चपाशी वाचनालयाची गाडी थांबते. ती चालवणाऱ्या फिलोमिनाला ॲट्रॅक्टा म्हणाली, "ते कॉम्प्युटर मला शिकव." महिनाभरात तिने ब्लॉग काढला. नाव ठेवलं 'अर्धं दार'. आमच्या जुन्या घरांची दारं मधून कापलेली असायची. कोंबड्या आत येऊ नयेत म्हणून खालचं अर्धं लावलेलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलता यावं म्हणून वरचं उघडं. पहिल्या पोस्टमध्ये तीन वाक्यं होती. दोन तपकिरी कोंबड्या सापडल्या आहेत, बुधवारी बस उशिरा येणार आहे, आणि ब्रीजी मॅकपार्टलिनचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं. त्याखाली पहिली प्रतिक्रिया माझी होती. 'कोंबड्या तपकिरी नाहीत, तांबड्या आहेत. माझ्या आहेत.'

तेव्हापासून आमचं रोजचं ठरून गेलं. दहा वाजता तिची पोस्ट यायची आणि सव्वादहाला माझी दुरुस्ती. तिने लिहावं की कॅरिकचा रस्ता सहा मैल, मी लिहावं की साडेसहा, मी स्वतः मोजलाय. तिने उत्तर कधी दिलं नाही, फक्त चूक सुधारायची. मला वाटायचं बाई चिडते. चिडत असेलही, पण मला तिने कधी अडवलं नाही, आणि तसं करणं एका बोटाचं काम होतं.

त्या अर्ध्या दारातून काय काय झालं ते सगळं सांगत बसलो तर फार वेळ जाईल. लीड्सहून एका बाईने आजीची कबर शोधायला मदत मागितली. ॲट्रॅक्टाने एकेक दगड घासून, फोटो काढून, सबंध स्मशानाचा नकाशा टाकला. आजी सापडली, शिवाय कोणाला नको असलेले दोन चुलतभाऊही सापडले. गवताच्या गठ्ठ्यात हरवलेलं एका म्हाताऱ्याचं कानाचं यंत्र तिसऱ्या गावच्या गोठ्यात मिळालं. बुधवारची बस बंद होणार होती. पर्थपासून टोरांटोपर्यंतच्या लोकांनी, ज्यांनी त्या बसमध्ये शेवटचं पाऊल ठेवलं ते देश सोडताना, एवढी पत्रं पाठवली की बस राहिली. माझी बायको गेली तेव्हा तिच्याबद्दल 'अर्ध्या दारात' अकरा ओळी आल्या. त्यात एकही चूक नव्हती. मी ती पोस्ट कागदावर उतरवून पाकिटात ठेवली. ॲट्रॅक्टाला मात्र काही बोललो नाही.

गेल्या जानेवारीत वादळाचा लाल इशारा आला. ॲट्रॅक्टाने बुधवारीच ब्लॉगवर एक फॉर्म टाकला. प्रत्येक घराने नाव लिहायचं आणि काय हवं त्यावर खूण करायची. जळण, गॅस, जनरेटर, औषध, सोबत. सर्वांत खाली एक चौकोन होता, 'मजेत, काही नको'. फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी दोनाल मॅककीऑन याच्याकडे एक मोठा जनरेटर आणि तीस सिलिंडर तयार होते. यादी आली की तो ते घरोघर पोचवणार होता. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्या वतीने भाच्या-पुतण्यांनी भरलं. गुरुवारी दुपारपर्यंत अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न घरांचं उत्तर आलं. अठ्ठावन्न घरं मजेत.

आता हे बाहेरच्याला कळायचं नाही, पण आमच्याकडे कोणी चहा विचारला तर पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा म्हणायचं, कशाला उगीच त्रास. तिसऱ्यांदा विचारेपर्यंत विचारणाऱ्याने किटली ठेवलेली असते, मग आपण म्हणायचं, बरं, अर्धा कप. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस आमच्याकडे जावई म्हणूनसुद्धा खपत नाही. चौकोन मात्र एकदाच विचारतो आणि नको म्हटलं की गप्प बसतो. ॲट्रॅक्टाने जन्मभर तीनदा विचारून माणसांना खायला घातलं होतं. पण स्क्रीनवर अठ्ठावन्न खुणा ओळीने पाहिल्या आणि तिचा विश्वास बसला. दोनालने फोन केला, "तळ्यापलीकडच्या गावाला काहीच नाहीये, नेऊ का तिकडे?" ती म्हणाली, "ने. आमच्याकडे सगळे मजेत आहेत."

शुक्रवारी पहाटे वादळ आलं. अशा वाऱ्याचा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. उजाडल्यावर पाहिलं तर माझ्या शेडवर झाड, शेडमध्ये गाडी, आणि गाडीमागे वर्षभराचं जळण, दलदलीतून कापून वाळवलेलं टर्फ. वीज गेली, विजेबरोबर विहिरीचा पंप गेला, फोनही गेला. शनिवार ब्रेड आणि मुरंब्यावर काढला. घरातला सिलिंडर संपला. रविवारी सकाळी ओढ्यावर पाणी आणायला गेलो आणि बादलीसकट घसरलो. कंबर अशी धरली की खुर्चीपर्यंत यायला तासभर लागला. मग त्याच खुर्चीत मी अंगावर दोन कोट घेऊन बसलो. बसलो ते बसलोच. माझं घर गल्लीच्या टोकाला, शेजारी अर्ध्या मैलावर, आणि मधे सात झाडं आडवी. छातीची औषधं सोमवारी संपली. हात-पाय आधी दुखत होते, नंतर दुखायचे थांबले, आणि ते मला बरं वाटलं. ते बरं वाटणं किती वाईट असतं हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

सोमवारी दुपारी टेकडीवर फोनला सिग्नल आला. ॲट्रॅक्टाने गाडीत फोन चार्ज करून तिथून पोस्ट टाकली. कोणते रस्ते मोकळे, कोणते बंद, आणि 'गॉर्टिनचा पूल शाबूत आहे, १९८८ साली बांधला होता, पक्का निघाला.' तो पूल १९८६ सालचा. मी बांधून घेतला. त्या पुलाच्या दगडावर माझ्या हाताने आकडा कोरलाय.

मंगळवारी सकाळी लोकांच्या चाळीसेक प्रतिक्रिया आल्या होत्या. तिने सगळ्या वाचल्या, पुन्हा वर जाऊन वाचल्या. दोनाल तेव्हा तिच्या शेजारी होता, त्यानेच मला हे सांगितलं. ती म्हणाली, "दोनाल, मी पुलाचं साल चुकवलंय आणि फेलिम गप्प आहे."

दोनाल म्हणाला, "अहो, त्यांच्या फोनला चार्ज नसेल."

"गाडीत बसून चार्ज करेल. मला खोटं ठरवायला तो ट्रॅक्टरवर चढून चार्ज करेल. काहीतरी झालंय त्याला." आणि तिने कोट चढवला.

अडुसष्ट वर्षांची बाई सात झाडं ओलांडून आली, त्यातल्या दोन झाडांखालून सरपटत. दोनाल करवत आणायला वळला तेवढ्यात ही पुढे निघाली होती. मला दार वाजलेलं ऐकू आलं. तिने हाक मारली, "फेलिम! आहेस का रे?" आणि माझ्या तोंडून काय निघावं? मी म्हणालो, "मजेत आहे मी."

ती आत आली, मला पाहिलं, आणि इतकी ओरडली की लहानपणी शाळेतसुद्धा कोणी मला तसं ओरडलं नसेल. "मजेत? ओठ निळे पडलेत तुझे, मेल्या! मजेत म्हणे!" मग स्वतःचा कोट काढून माझ्यावर टाकला, माझे पाय आपल्या स्वेटरच्या आत पोटाशी धरून बसली, आणि दोनाल येईपर्यंत मला झोपू दिलं नाही. झोपू नये म्हणून तिने मला काउंटीतल्या सगळ्या पुलांची सालं विचारली, आणि मी सांगितली.

स्लायगोच्या हॉस्पिटलात नऊ दिवस काढले. डॉक्टर म्हणाले, आणखी एक रात्र गेली असती तर सगळं संपलं असतं. घरी न्यायला दोनाल आला. गाडीत बसल्या बसल्या मी विचारलं, "आज 'अर्ध्या दारात' काय आहे?"  तो समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाला, "काही नाही. बंद केलं त्यांनी."

शेवटची पोस्ट छोटी होती. 'गावात गरज असताना मी मदत दुसऱ्या गावाला पाठवली. फेलिम मलवी मरता मरता वाचला, त्याला कारण माझी यादी. ज्या कामासाठी हे दार उघडलं तेच मला जमलं नाही. आजवर वाचत आलात, आभारी आहे. ॲट्रॅक्टा.'

मी काठी टेकत तिच्याकडे गेलो. तिने दार उघडलं, वरचं आणि खालचं दोन्ही, पण आत ये म्हणाली नाही. मी म्हणालो, "वेड लागलंय का तुला?" ती म्हणाली, "माझ्यामुळे तू मरत होतास." मी म्हणालो, "तुझ्यामुळे वाचलो." ती म्हणाली, "ती नशिबाची गोष्ट. यादी माझी होती." पुढे मी बरंच बोललो, रस्ते खात्यात कशा चुका व्हायच्या वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि दार लावलं. घरी येताना मला पहिल्यांदा भीती वाटली. खुर्चीत बसलो होतो तेव्हाही वाटली नव्हती तेवढी. उद्या दहा वाजता काही येणार नाही, परवाही नाही, आणि ब्रीजीचा गुडघा, बुधवारची बस, कोणाच्या कोंबड्या, कोणाला काहीच कळणार नाही.

त्यात मला एक गोष्ट माहीत होती जी तिला माहीत नव्हती. बुधवारी त्या चौकोनावर खूण करताना माझं बोट थबकलं होतं. मी सबंध सकाळ घालवून, दोन बोटांनी, तिच्या शेवटच्या पोस्टखाली लिहिलं:

'मी फेलिम मलवी. फॉर्मवर मी मजेत लिहिलं ते खोटं होतं. सिलिंडर अर्धा होता, औषधं पाच दिवसांची होती, आणि एकट्याला भीती वाटत होती. हे सगळं मला बुधवारीच ठाऊक होतं. मागितलं असतं तर दुपारच्या आत मिळालं असतं हेही ठाऊक होतं. लाज वाटली म्हणून मागितलं नाही. यादी चुकीची नव्हती, मी चुकीचा होतो. आणि गॉर्टिनचा पूल १९८६ चा आहे.'

पाठवलं आणि फोन उशीखाली दडवला. आमच्या गावात असं कोणी बोलत नाही. पाद्रीबाबांसमोरसुद्धा आम्ही बेतानेच कबुली देतो.

दुपारी फोन पाहिला. ब्रीजी मॅकपार्टलिनने लिहिलं होतं, 'मीपण खोटं लिहिलं. चार दिवस थंड बीन्स खाल्ल्या. वाटलं, फेलिमला माझ्यापेक्षा जास्त गरज असेल, त्याला मिळू दे.' त्याखाली निवृत्त पोलीस, सहा फूट तीन इंच, 'मला अंधाराची भीती वाटते. कोणाला सांगितलं नव्हतं.' त्याखाली पाद्रीबाबा. त्यांनी तीन दिवस गाडीत हीटर लावून काढले होते आणि प्रार्थनेला येताना कपडे चुरगळल्याचं खापर इस्त्रीवर फोडलं होतं. पर्थहून एका मुलीने लिहिलं, 'आईचा फॉर्म मी इथून भरला. ती म्हणाली मजेत लिही, आणि मी लिहिलं. तिचा आवाज कसा होता ते मला ऐकू आलं होतं.' माणसं लिहीतच राहिली. दोन दिवसांत अठ्ठावन्नपैकी एकेचाळीस घरं झाली. मी एकेक वाचत होतो आणि रडत होतो. हे लिहायला मला संकोच वाटत नाही. बायको गेली तेव्हा मी रडलो नव्हतो.

ॲट्रॅक्टा मात्र काही वाचत नव्हती. तिने फोन बंद करून ठेवला होता. मग मंगळवारी फिलोमिनाने वाचनालयाच्या गाडीत ते सगळं छापून दिलं, तेवीस पानं, आणि मी ती कोटाखाली घेऊन गेलो. या वेळी मी आत ये म्हणायची वाट पाहिली नाही. सरळ टेबलावर पानं ठेवली आणि बसलो.

तिने चष्मा लावला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. पाचव्या पानाला तिचा चेहरा लाल व्हायला लागला. पाद्रीबाबांपाशी ती थांबली आणि टेबलावर हात आपटला. "खोटारडे! सगळेच्या सगळे! आणि मी दोन आठवडे झोपले नाही!" मग पोलिसाचं वाचून हसायला लागली, आणि हसता हसता तिला इतकं रडू आलं की चष्मा काढून ठेवावा लागला. मी उठून स्वयंपाकघरात पाणी आणायला गेलो, कारण तिच्याकडे बघणं मला जमेना.

नळापाशी उभा राहिलो आणि भिंत दिसली. तिथे एक भला मोठा फिका चौकोन होता, आजूबाजूचा रंग काळवंडलेला. पोस्ट बंद झालं तेव्हा तिने तिथलं एकच सामान मागून घेतलं होतं, पत्रं लावायचं लाकडी फडताळ, प्रत्येक घराच्या नावाचा एक कप्पा असलेलं. आई त्याच्यापुढे बसायची, मग ती बसली. ते या भिंतीवर होतं.

"ॲट्रॅक्टा, फडताळ कुठे गेलं?"

तिने चष्मा हातात घेऊन पुसला. मग म्हणाली, "जाळलं."

"कधी?"

"रविवारी. बाहेरचं सगळं लाकूड ओलं होतं. तेच काय ते कोरडं. चांगलं जळालं."

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला. मी परत येऊन तिच्यासमोर बसलो आणि विचारलं, "फॉर्मवर तू काय लिहिलं होतंस?"

"माझाच फॉर्म होता तो. काय लिहिणार?" तिने नाक पुसलं. "मजेत."

मी टेबलाच्या ड्रॉवरमधून तिचा फोन काढला, चालू केला, आणि तिच्यापुढे सरकवला. तिने माझ्याकडे रागाने पाहिलं. मग चष्मा लावला आणि लिहायला घेतलं. ती माझ्यासारखी दोन बोटांनी लिहीत नाही, तरी तिला फार वेळ लागला. पाठवून झाल्यावर तिने फोन माझ्याकडे फिरवला. त्या एकेचाळीस जणांच्या खाली एकच ओळ होती:

'ॲट्रॅक्टा गिलहूली. मला फार थंडी वाजत होती, आणि मला विचारायला कोणीच आलं नाही.'

आम्ही दोघं ती ओळ बघत बसलो. थोड्या वेळाने गल्लीच्या तोंडाशी पहिल्या गाडीचा आवाज आला, मग दुसऱ्या. ब्रीजी पुढच्या सीटवर होती, मागे जळणाने भरलेली दोनालची ट्रॉली. ॲट्रॅक्टा लगबगीने उठून केस नीट करायला लागली. मी तिला म्हणालो, "तू होतीस म्हणून मी आहे. हे मी आधीच सांगायला हवं होतं." ती म्हणाली, "आता सांगितलंस ना, पुरे," आणि दार उघडायला गेली.